गाढवावरून आलेला पोप : सेलेस्टिन पाचवा यांची जीवनकथा



थोर व्यक्तींची चरित्रे आपण मुलांना नेहमी सांगतो. बहुतेक चरित्रांचा साचा एकच असतो. गरिबीत जन्म, खडतर कष्ट आणि शेवटी मोठे पद. पद मिळाले की गोष्ट संपते आणि मुले टाळ्या वाजवतात. आज मी तुम्हाला अशा माणसाची गोष्ट सांगणार आहे, ज्याची खरी गोष्ट पद मिळाल्यावर सुरू होते. हा माणूस त्या काळातल्या युरोपातल्या सर्वांत मोठ्या धर्मपदावर बसला आणि सव्वापाच महिन्यांत स्वतःहून खाली उतरला. त्याचे नाव पोप सेलेस्टिन पाचवा. काळ तेराव्या शतकाचा, म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर यादवांचे राज्य होते आणि ज्ञानेश्वर महाराज होऊन गेले, तोच काळ.

सहावी-सातवीच्या मुलांना ही गोष्ट सहज समजते. पण आधी आपण मोठ्यांनी ती नीट समजून घेऊ.

आधी थोडी पार्श्वभूमी

पोप म्हणजे रोमन कॅथलिक ख्रिस्ती धर्माचे सर्वोच्च गुरू. मध्ययुगात त्यांचे काम फक्त प्रार्थना आणि उपदेश एवढेच नव्हते. मध्य इटलीचा बराच मुलूख पोपच्या ताब्यात होता. राजांच्या तहांना पोपची मान्यता लागायची. कर, न्याय, नेमणुका, लढाया असा सगळा कारभार त्या गादीभोवती फिरायचा. म्हणजे एकाच वेळी धर्मगुरू आणि राजा, असे ते पद होते.

पोपची निवड करणारे जे वरिष्ठ धर्माधिकारी असतात, त्यांना कार्डिनल म्हणतात. निवडीसाठी त्यांच्यापैकी दोन तृतीयांश जणांचे एकमत लागते. हा नियम लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा गोंधळ याच नियमामुळे झाला.

बालपण आणि आईची जिद्द

सेलेस्टिन हे नाव पोप झाल्यावरचे. मूळ नाव पिएत्रो. दक्षिण इटलीच्या मोलिसे भागात तेराव्या शतकाच्या सुरुवातीला एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बारा भावंडांत पिएत्रो अकरावा. वडील लवकर वारले. घरात खाणारी तोंडे भरपूर आणि शेतात राबायला हात कमी, अशी परिस्थिती. एवढ्यात या पोराला शिकवायचे कशाला, शेतावर जुंपा, असा सल्ला आईला मिळत होता. आपल्याकडेही हा सल्ला देणारी मंडळी काही कमी नाहीत! पण त्या माउलीने ऐकले नाही. आपल्या मुलांपैकी एकाने तरी देवाची सेवा करावी अशी तिची फार इच्छा होती. तिने पिएत्रोला अक्षरओळख करून दिली आणि त्याचे शिक्षण चालू ठेवले.

साधारण सतराव्या वर्षी पिएत्रो मठात दाखल झाला. तो बेनेडिक्टाइन पंथाचा मठ होता. तिथे शिस्तीचे, सगळ्यांबरोबरचे जीवन असते. पिएत्रोला मात्र एकांताची ओढ लागली. वरिष्ठांची परवानगी घेऊन तो डोंगरात राहायला गेला. मधल्या काळात रोमला जाऊन त्याने पुरोहितपदाची दीक्षा घेतली आणि पुन्हा डोंगर गाठला. सुल्मोना नावाच्या गावाजवळ मोर्रोने नावाचा डोंगर आहे. तिथल्या एका गुहेत त्याने मुक्काम केला. म्हणूनच लोक त्याला मोर्रोनेचा पिएत्रो म्हणू लागले.

डोंगरातला साधू

पिएत्रोंचे व्रत फार कडक होते. (इथून पुढे त्यांना आदराने पिएत्रो बाबा म्हटले तरी चालेल. मुलांना ते लगेच आपलेसे वाटतात.) अंगात गाठी मारलेले खरखरीत केसांचे वस्त्र, कमरेला लोखंडी साखळी. रविवार सोडून रोज उपवास. वर्षातून चार वेळा दीर्घ उपवासाचा काळ, त्यांतल्या तीन वेळांना फक्त पाव आणि पाणी. उरलेला वेळ प्रार्थना, हाताने काम आणि पोथ्या नकलून काढणे.

पण साधू जितका लांब पळतो, तितके लोक त्याच्यामागे जातात. पिएत्रो बाबांकडे शिष्य येऊ लागले. गर्दी वाढली तसे ते आणखी उंच, मायेल्ला नावाच्या डोंगररांगेत गेले. शिष्य तिथेही पोहोचले. शेवटी त्यांचा स्वतंत्र साधुसंघच उभा राहिला. १२६०च्या दशकात पोप अर्बन चौथे यांनी त्याला मान्यता दिली.

इथे एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. १२७४ साली फ्रान्समधल्या ल्योन शहरात मोठी धर्मपरिषद भरली. नवे नवे साधुसंघ फार झाले, ते बंद करावेत असा विचार तिथे चालला होता. आपला संघ बंद होणार हे कळल्यावर हा साठीच्या आसपासचा माणूस इटलीतून ल्योनपर्यंत पायी गेला आणि पोप ग्रेगरी दहावे यांच्याकडून मान्यता पक्की करून घेऊन आला. म्हणजे पिएत्रो बाबा भित्रे होते किंवा त्यांना काही जमतच नव्हते, असे कोणी म्हणू नये. स्वतःला जे समजते त्या कामात ते खंबीर होते. पुढच्या वर्षांत त्यांच्या संघाचे छत्तीस मठ आणि सहाशेच्या वर साधू झाले. लाक्विला शहराजवळ त्यांनी कोलेमाज्जो इथे एक मोठे चर्चही उभारले.

एवढे उभे करून त्यांनी संघाची सूत्रे दुसऱ्यांकडे दिली आणि स्वतः पुन्हा गुहेत गेले. वय झाले होते. आता शेवटचे दिवस शांततेत जातील असे त्यांना वाटले असणार.

सत्तावीस महिने रिकामी गादी

तिकडे ४ एप्रिल १२९२ रोजी पोप निकोलस चौथे वारले. नवा पोप निवडायला उरले होते फक्त बारा कार्डिनल. त्यांतही दोन बड्या रोमन घराण्यांचे गट पडलेले, एक ओर्सिनी आणि दुसरे कोलोन्ना. दोघांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर. दोन तृतीयांश मते कोणालाच मिळेनात. उन्हाळ्यात रोममध्ये रोगराई आली, एक कार्डिनल वारले आणि बाकीचे पांगले. अकरा जण उरले, पण एकमत काही होईना. पहिले वर्ष गेले. मग सगळे पेरुजा शहरात जमले. तिथेही तेच. दुसरे वर्षही गेले.

तुम्ही म्हणाल, असे कसे कोणी चालवून घेते? तर त्याआधी एकदा १२६८ ते १२७१ अशी जवळजवळ तीन वर्षे पोपची गादी रिकामी राहिली होती. त्यावर उपाय म्हणून पोप ग्रेगरी दहावे यांनी १२७४ मध्ये कडक नियम केला. कार्डिनलांना एका जागी कोंडून ठेवायचे. तीन दिवसांत निवड झाली नाही तर जेवणात एकच पदार्थ द्यायचा. आणखी पाच दिवस गेले तर फक्त पाव, पाणी आणि द्राक्षमद्य. नियम छानच होता, पण जाचक वाटला म्हणून दोनच वर्षांत तो बाजूला ठेवला गेला. त्याचा परिणाम आता दिसत होता.

या विलंबाने सगळ्यात जास्त अस्वस्थ होता नेपल्सचा राजा चार्ल्स दुसरा. सिसिली बेट त्याच्या घराण्याच्या हातून १२८२ साली गेले होते. ते परत मिळवण्यासाठी त्याने अ‍ॅरागॉनच्या राजाशी बोलणी केली होती, पण त्या कराराला पोपची मान्यता हवी होती. आणि पोपच नाही! मार्च १२९४ मध्ये तो स्वतः पेरुजाला आला आणि कार्डिनलांना घाई करू लागला. तिथे बेनेदेत्तो काएतानी नावाच्या कार्डिनलांशी त्याचा खटका उडाला. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे येणार आहे.

जुलै उजाडला. त्या दिवसांत एका कार्डिनलचा तरुण भाऊ घोड्यावरून पडून मरण पावला. मृत्यू इतक्या जवळून पाहिल्यावर सगळेच जरा गंभीर झाले. त्या बैठकीत ज्येष्ठ कार्डिनल लातिनो मालाब्रांका यांनी सांगितले की, निवड आणखी लांबली तर देवाचा कोप होईल असा इशारा एका पवित्र तपस्व्याने दिला आहे. तो तपस्वी कोण? मोर्रोनेचे पिएत्रो. मग मालाब्रांकांनी आपले मत त्याच तपस्व्याला देऊन टाकले. क्षणभर सगळे चकित झाले असतील. पण एकामागून एक सगळ्यांनी त्याला संमती दिली. तारीख होती ५ जुलै १२९४.

विचार करा, या निर्णयात कोणाचा विचार झाला? ओर्सिनींना कोलोन्ना नको होता, कोलोन्नांना ओर्सिनी नको होता, राजाला कोणीतरी हवा होता आणि सगळेच दमले होते. पिएत्रो बाबांना विचारले कोणीच नाही.

डोंगरावर आलेले पाहुणे

निवडीचा कागद घेऊन दूत मोर्रोने डोंगर चढले. उन्हाळ्याचे दिवस, अवघड वाट. वर एका छोट्या खोलीच्या गजांच्या खिडकीमागे त्यांना एक वृद्ध दिसला. ऐंशीच्या आसपासचे वय, उपवासाने वाळलेले शरीर, फिकट चेहरा, रडून सुजलेले डोळे. आलेल्या मोठ्या माणसांनी गुडघे टेकून त्यांना वंदन केले. तर बाबांनीही जमिनीवर पडून त्यांनाच उलट वंदन केले! त्यांना आधी पळून जावेसे वाटले, असेही सांगितले जाते. पण नकार दिला तर चर्चची गादी पुन्हा रिकामी राहील आणि त्याचे पाप आपल्या माथी येईल, असे त्यांना समजावण्यात आले. त्यांनी प्रार्थना केली आणि रडतच होकार दिला.

राजा चार्ल्स आपल्या मुलाला घेऊन तातडीने आला. आपल्याच राज्यातला साधू पोप झाला, यापेक्षा सोयीचे काय असणार! पोपना मिरवणुकीसाठी उमदा घोडा असतो. पिएत्रो बाबा मात्र गाढवावर बसले. नेपल्सचा राजा एका बाजूला आणि हंगेरीच्या राजपदावर हक्क सांगणारा त्याचा मुलगा दुसऱ्या बाजूला, असे दोघे लगाम धरून चालत होते. येशू ख्रिस्त जेरुसलेममध्ये गाढवावर बसून आले होते, त्याची आठवण लोकांना झाली आणि गर्दी लोटली. लाक्विलाला, बाबांनीच बांधलेल्या कोलेमाज्जोच्या चर्चमध्ये, २९ ऑगस्ट १२९४ रोजी त्यांचा राज्याभिषेक झाला. नाव घेतले सेलेस्टिन पाचवा.

लोकांना वाटले, आता देवमाणूस गादीवर आला, सगळे चांगले होणार.

गादीवरचा साधू

झाले मात्र वेगळेच. कार्डिनलांनी त्यांना रोमकडे येण्याचा आग्रह केला, पण राजाने त्यांना आपल्या राज्यातच ठेवून घेतले आणि नोव्हेंबरमध्ये नेपल्सला आपल्या किल्ल्यात नेले. पोप असताना सेलेस्टिन रोमला एकदाही गेले नाहीत. सप्टेंबरमध्ये त्यांनी बारा नवे कार्डिनल नेमले. त्यांत सात फ्रेंच होते आणि बाकीच्यांत नेपल्सच्या राजाच्या सोयीची माणसे होती. महत्त्वाच्या जागांवर राजाची माणसे बसू लागली.

कारभाराची भाषा लॅटिन. बाबांना ती अस्खलित येत नव्हती, म्हणून बैठकीत साधी बोलीभाषा वापरावी लागे. नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती. जो येईल, हात जोडेल, त्याला हवे ते देऊन टाकत. एकच जागा दोघा-तिघांना दिली गेल्याचे प्रकार घडले. भोवतीच्या लबाड लोकांनी तर मोहोर लावलेले कोरे आदेशपत्रही मिळवले. नंतर त्यात हवे ते नाव भरायचे. आपल्या भाषेत सांगायचे तर कोऱ्या चेकवर सही!

मात्र सगळेच चुकले असे नाही. त्यांच्या दोन गोष्टी आजपर्यंत टिकल्या आहेत.

पहिली म्हणजे, कार्डिनलांना कोंडून ठेवण्याचा तो बाजूला पडलेला नियम त्यांनी पुन्हा लागू केला. सत्तावीस महिन्यांचा गोंधळ पुन्हा नको, एवढी साधी गोष्ट या साध्या माणसाला कळली. आजही पोपची निवड बंद दाराआड होते, त्याच्या मुळाशी हा नियम आहे.

दुसरी गोष्ट क्षमेची. २८ ऑगस्टच्या संध्याकाळपासून २९ ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंत जो कोणी खऱ्या पश्चात्तापाने कोलेमाज्जोच्या चर्चमध्ये येईल, त्याला पापांच्या शिक्षेतून पूर्ण माफी, असे त्यांनी जाहीर केले. अशी माफी त्या काळी सहसा धर्मयुद्धावर जाणाऱ्यांना किंवा लांबच्या यात्रा करणाऱ्यांना मिळायची. बाबांनी ती गरीब-श्रीमंत सगळ्यांना मोफत खुली केली. तो उत्सव लाक्विलामध्ये आजही दरवर्षी होतो आणि २०१९ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केली आहे.

महालात बांधलेली झोपडी

नेपल्सच्या त्या भव्य किल्ल्यात सेलेस्टिन यांनी स्वतःसाठी लाकडाची एक छोटी खोली बांधून घेतली. डोंगरावरच्या गुहेसारखी. दिवसभर लोकांचा, अर्जांचा, भांडणांचा गराडा, आणि संध्याकाळी त्या खोलीत जाऊन प्रार्थना. नाताळाआधीचा उपवासाचा काळ जवळ आला तेव्हा त्यांनी ठरवले की आपण एकांतात बसावे आणि कारभार तीन कार्डिनलांवर सोपवावा. पण एका ज्येष्ठ कार्डिनलांनी त्याला ठाम विरोध केला. असे चार पोप होत नसतात, हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते.

मग बाबांच्या मनात विचार आला, हे पद सोडता येते का? त्यांनी कायदा जाणणाऱ्यांना विचारले. त्यांतले प्रमुख होते तेच बेनेदेत्तो काएतानी. काएतानींनी सांगितले, सोडता येते. पुढे लोकांनी अशी दंतकथा रचली की काएतानी रात्री भिंतीतल्या नळीतून देवदूताच्या आवाजात बाबांना पद सोडायला सांगत असत. ही निव्वळ अफवा आहे, पण मुलांना सांगितली तर ती हमखास हसतात. अफवा कशी तयार होते हे शिकवायलाही ती चांगली आहे. ज्याचा फायदा झाला, त्यानेच हे केले असणार, असे लोक धरून चालतात.

बातमी फुटल्यावर नेपल्सचे लोक मिरवणुकीने किल्ल्यापाशी आले आणि पद सोडू नका म्हणून विनवू लागले. बाबांनी गोड शब्दांत त्यांची समजूत घातली. पण मनातला निश्चय बदलला नाही.

१३ डिसेंबर १२९४. कार्डिनलांच्या सभेत सेलेस्टिन पूर्ण पोशाखात आले. पोपला स्वेच्छेने पद सोडता येते, हे आधी नियमाने स्पष्ट केले गेले. मग त्यांनी आपली कारणे वाचून दाखवली. नम्रतेने आणि निर्मळ मनाने जगण्याची इच्छा, शरीराचा अशक्तपणा, ज्ञानाची कमतरता, लोकांचा खोडसाळपणा आणि पूर्वीच्या शांत जीवनाची ओढ. मग ते खाली उतरले. अंगठी काढली, मुकुट काढला, झगा काढला आणि आपले जुने साधे साधूचे कपडे घालून परत आले. निवड झाल्यापासून पाच महिने आठ दिवस झाले होते.

ज्ञानाची कमतरता हे कारण भरसभेत, स्वतःच्या तोंडाने सांगणारा सत्ताधारी तुम्ही कधी पाहिला आहे का? मी तरी ऐकलेला नाही.

सुटका नाहीच

गोष्ट इथे संपली असती तर किती बरे झाले असते! पण अकराच दिवसांनी, २४ डिसेंबरला, नवे पोप निवडले गेले ते स्वतः बेनेदेत्तो काएतानी. त्यांनी नाव घेतले बोनिफेस आठवा. हुशार, कायदेपंडित आणि कडक माणूस. त्यांनी सेलेस्टिनच्या काळातल्या खिरापतीसारख्या वाटलेल्या सवलती रद्द केल्या. त्यात गैर काही नव्हते. पण त्यांना एक भीती होती. पद सोडणे कायदेशीर नाहीच, खरे पोप अजून सेलेस्टिनच आहेत, असे म्हणणारे लोक होते. उद्या कोणी या म्हाताऱ्याला पुढे करून चर्चमध्ये फूट पाडली तर? म्हणून बोनिफेस यांनी ठरवले, यांना नजरेआड होऊ द्यायचे नाही.

रोमकडे नेत असताना बाबा वाटेतून निसटले. ऐंशीच्या पुढचा माणूस डोंगरातून, रानातून लपतछपत आपल्या जुन्या गुहेकडे गेला. तिथेही शोध घेणारे पोहोचले. मग ते पूर्वेकडच्या समुद्रकिनाऱ्यावर विएस्ते गावी गेले आणि नावेतून पलीकडे जाण्याचा प्रयत्न केला. वाऱ्याने नाव मागे लोटली आणि ते पकडले गेले. ज्याने युरोपातले सर्वांत मोठे पद नुकतेच परत केले होते, त्याला आता साधी एक गुहाही कोणी देत नव्हते.

बोनिफेस यांनी त्यांना आधी आपल्या अनान्यी गावी आणि नंतर फुमोनेच्या किल्ल्यात ठेवले. खोली अगदी अरुंद होती. सोबतीला त्यांच्याच संघाचे दोन साधू. बाबांनी तक्रार केली नाही. आयुष्यभर त्यांनी एक छोटी खोली मागितली होती, ती अशी मिळाली. जवळपास नऊ-दहा महिन्यांनी, १९ मे १२९६ रोजी, त्यांचे निधन झाले.

त्यांचा खून झाला अशी वदंता पुढे शतकानुशतके चालली, कारण त्यांच्या कवटीत एक छिद्र आहे. अलीकडच्या वैद्यकीय तपासणीत मात्र ते छिद्र मृत्यूनंतरचे असल्याचे आढळले.

मृत्यूनंतर

बोनिफेस यांचा शेवटही चांगला झाला नाही. फ्रान्सचा राजा फिलिप चौथा याच्याशी त्यांचे कडाक्याचे भांडण झाले. १३०३ मध्ये राजाच्या आणि कोलोन्ना घराण्याच्या माणसांनी अनान्यीला त्यांना पकडले. गावकऱ्यांनी सोडवले, पण महिनाभरात ते वारले. पुढे १३१३ मध्ये पोप क्लेमेंट पाचवे यांनी सेलेस्टिन यांना संत घोषित केले. त्यामागे फिलिप राजाचा आग्रह होता, कारण सेलेस्टिनना मोठे केले की बोनिफेस आपोआप छोटे होतात! म्हणजे जिवंतपणी वापर झाला आणि मेल्यावरही झाला.

महाकवी दान्ते यांनी आपल्या काव्यात नरकाच्या दाराशी एक बिननावाची सावली दाखवली आहे. भ्याडपणाने मोठा नकार देणारा असा तिचा उल्लेख आहे. बहुतेक अभ्यासकांना तो सेलेस्टिन यांचाच वाटतो. दान्तेचा राग समजू शकतो, कारण बोनिफेस यांच्या राजकारणामुळेच त्याला आपले शहर फ्लॉरेन्स कायमचे सोडावे लागले होते आणि सेलेस्टिन उतरले म्हणून बोनिफेस आले. पण थोड्याच काळाने पेत्रार्क या दुसऱ्या मोठ्या कवीने मात्र त्याच कृतीचे मोकळ्या मनाने कौतुक केले. एकच कृती, दोन थोर कवी आणि दोन टोकाची मते.

६ एप्रिल २००९ रोजी लाक्विलाला भीषण भूकंप झाला. कोलेमाज्जोच्या चर्चचा भाग कोसळला, पण सेलेस्टिन यांचे अवशेष सुखरूप मिळाले. त्या महिन्याच्या अखेरीस पोप बेनेडिक्ट सोळावे तिथे गेले आणि आपल्या खांद्यावरची लोकरी पट्टी, जी पोपपदाची खूण असते, ती त्यांनी सेलेस्टिन यांच्या काचपेटीवर ठेवली. तेव्हा कोणाला त्यात विशेष वाटले नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये वय आणि क्षीण झालेली शक्ती हे कारण देऊन बेनेडिक्ट यांनी पद सोडले. मग ती पट्टी जगाला आठवली. कोणाच्या दबावाशिवाय पद सोडणारे ते सेलेस्टिननंतरचे पहिले पोप. मध्ये सातशेहून अधिक वर्षे गेली होती.

आपण यातून काय घ्यायचे?

आता थोडे आपल्याबद्दल. आपल्यापैकी कितीतरी जणांकडे प्रभारी मुख्याध्यापकाचा कार्यभार येतो. चांगला शिकवतो म्हणून कागदपत्रांच्या टेबलावर बसवले जाते, आणि वर्गातली मुले वाट बघत राहतात. चांगला शिक्षक हा चांगला प्रशासक असेलच असे नाही, आणि उलटही खरे आहे. दोन्ही कामांना मान आहे, पण ती कामे वेगळी आहेत. सेलेस्टिन यांच्यावर गादी लादणाऱ्यांनी त्यांचा चांगुलपणा पाहिला, कुवत कशात आहे ते पाहिले नाही.

घरातही हेच होते. मूल शांत, समंजस आहे म्हणून त्याला वर्गप्रमुख करा, भाषणाला उभे करा, अमुक शाखेलाच घाला. ते नाही म्हणत नाही, कारण त्याला नाही म्हणायची सवयच नसते. त्याचा होकार खरा आहे की सेलेस्टिनसारखा रडत दिलेला आहे, हे पाहणे आपले काम आहे.

आता दुसरी बाजू. जबाबदारी घेतली आणि कठीण वाटली की लगेच सोडायची, असा अर्थ मुलांनी काढू नये. सेलेस्टिन साठीत ल्योनपर्यंत चालत गेले होते, हे त्यांना मुद्दाम सांगा. आपल्या हातून होणारे नुकसान डोळ्यांना दिसत असताना खुर्ची धरून बसणे आणि थोडा त्रास झाला म्हणून पळणे, यांतला फरक मुलांना ओळखता आला पाहिजे. आणि सेलेस्टिन यांच्या उतरण्यानेही काही प्रश्न निर्माण झालेच, हेही लपवू नका. दान्तेला राग येण्यासारखे त्यात काही होते.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. पिएत्रो यांच्या आईने लोकांचे ऐकले असते तर पुढे काय काय घडले नसते?

२. कार्डिनलांनी निवड करताना कोणती चूक केली? तुम्ही वर्गप्रमुख निवडताना काय पाहता?

३. कोऱ्या कागदावर सही का करू नये? सेलेस्टिन यांच्या कारभारातील उदाहरण देऊन सांगा.

४. सेलेस्टिन यांनी पद सोडले हे योग्य की अयोग्य? वर्गाचे दोन गट करा. एक गट दान्तेच्या बाजूने बोलेल, दुसरा पेत्रार्कच्या बाजूने. नंतर बाजू बदला.

५. बोनिफेस यांच्या जागी तुम्ही असता तर वृद्ध सेलेस्टिन यांची व्यवस्था कशी केली असती?

चौथ्या प्रश्नाला पूर्ण तासिका द्या. बाजू बदलल्यावर मुले काय बोलतात ते नीट ऐका. आणि पाचव्या प्रश्नावर घरी जेवताना पालकांनीही मुलांशी बोलावे, अशी विनंती. त्यांची उत्तरे आपल्यापेक्षा दयाळू असतात.